मदत हवी आहे : सागवानी फणेरपेटीच्या बारीक कापांसाठी कोणती करवत?

मंडळी,

आजोळच्या वाड्याच्या दाराच्या जुन्या सागवानी फळ्या रंधून साधारण १० मिमी जाडीच्या केल्या आहेत. त्यांची फणेरपेटी (फणी-कुंकू ठेवायची पेटी) करायची आहे. कोपरे खिळे न मारता डव्हटेलने (कबुतराच्या शेपटीसारख्या, एकमेकांत अडकणाऱ्या खाचांच्या सांध्याने) जोडायचे, आणि झाकणातल्या आरशाला ४५ अंशांत कापलेल्या पातळ पट्ट्यांची चौकट.

घरची हातकरवत इंचाला ७-८ दातांची. फळ्या तोडायला उत्तम, पण या कामाला फार राकट. खाच रुंद पडते आणि मागच्या बाजूला लाकूड उचकटते. हॅकसॉचे २४ दातांचे पाते स्वच्छ कापते, पण दातांत भुसा भरतो आणि पाते रेघ सोडून भरकटते.

डोळ्यांसमोर दोन करवती आहेत. एक पाठीला पितळी पट्टीची डव्हटेल सॉ, ढकलताना कापणारी. दुसरी जपानी दोझुकी. ती ओढताना कापते, पाते ताणलेले राहते, म्हणून ते ०.३ मिमी इतके पातळ चालते. काप बघून मन तिच्यावरच जाते. पण सागात सिलिका असते, धार लवकर जाते, आणि दोझुकीचे दात बहुधा इतके कडक केलेले असतात की कानस चालत नाही, पातेच बदलावे लागते. डव्हटेल सॉला बारीक तिकोनी कानशीने घरी धार लावता येते. एवढ्यासाठी तिच्याकडे कल आहे. योग्य आहे का? दात किती असावेत? आणि डव्हटेलमधला नको असलेला भाग काढायला कोपिंग सॉ की फ्रेटसॉ (दोन्ही कमानीत ताणलेल्या बारीक पात्याच्या, फ्रेटसॉचे पाते अधिक पातळ)?

प्रतिसाद :
सागासाठी डव्हटेल सॉच घ्या. डव्हटेलचा काप तंतूंच्या दिशेने जातो, त्यामुळे दात उभ्या कापाचे हवेत. दोझुकी बहुतेक आडव्या कापाची मिळते. १० मिमी फळीला इंचाला १५-१६ दात भरपूर झाले. त्याहून बारीक घेतलीत तर काम रेंगाळते. आतला भाग फ्रेटसॉने काढा, कोपिंगचे पाते एवढ्या अरुंद खाचेत शिरत नाही. आणि रेघ पेन्सिलीने नको, धारदार चाकूने मारा. तंतू आधीच तुटले की कड उचकटत नाही.

धागाकर्ता :
मनापासून आभार. मग आरशाच्या पट्ट्या? तो काप तर तंतूंना आडवा जाणार. त्याच करवतीने कापून रंध्याने साफ केल्या तर चालेल, की तेवढ्यासाठी दोझुकी घ्यावीच?