मदत हवी आहे : लशीच्या वेळी बाळाला प्रोबायोटिक द्यावं का?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. मुलगी नऊ आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते. दीड महिन्याचं लसीकरण झालं, दहाव्या आठवड्याचं पुढच्या सोमवारी.

शेजारच्या काकूंनी प्रोबायोटिकच्या (पोटाला उपयोगी समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंच्या) पुड्या आणून दिल्यात. "दुधात कालवून चाटव, लस चांगली लागू पडते," म्हणतात. पुडीवर फक्त 'लॅक्टोबॅसिलस' हे जंतूंच्या गटाचं नाव लिहिलंय, त्यातली नेमकी जात (स्ट्रेन) नाही. मला तिथेच शंका आली, कारण प्रत्येक जातीचा परिणाम वेगळा असतो.

थोडं वाचलं. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात, ती आतड्यात काम करते आणि आपल्याकडे तिचं संरक्षण श्रीमंत देशांपेक्षा कमी पडतं. म्हणून प्रोबायोटिकची कल्पना पटते. पण वेल्लोरच्या बाळांवरच्या चाचणीत झिंक आणि प्रोबायोटिक देऊनही ठळक फरक दिसला नाही. शिवाय माझी लेक 35व्या आठवड्यातच जन्मली. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिकने गंभीर संसर्ग होऊ शकतो असा इशारा दिलाय, त्याने पोटात गोळाच आला.

कुणाच्या बालरोगतज्ज्ञांनी लशीच्या आधी मुद्दाम दिलंय का? कोणती जात, किती दिवस? सोमवारी डॉक्टरांना नेमकं काय विचारू? तोवर पुडी फोडणार नाही.