जुन्या होम थिएटरचा सबवूफर नव्या रिसीव्हरला जोडण्याबाबत

घाटंजीकर:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीजवळच्या खेड्यात राहतो. आमच्या घरी डीव्हीडी प्लेअरसोबत आलेला जुना ५.१ संच (पाच लहान स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) होता. त्याचा प्लेअर बंद पडला असला तरी सबवूफरचा लाकडी डबा अजून भक्कम आहे. दिवाळीत वेगळा एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेतला आणि तेव्हापासून हा सबवूफर त्याला कसा जोडावा, हा प्रश्न पडला आहे. रिसीव्हरच्या मागे ‘सबवूफर प्री-आउट’ लिहिलेले एकच आरसीए सॉकेट आहे. सबवूफरमधून मात्र स्पीकरची साधी दुहेरी वायर निघते. त्याला विजेची पिन नाही, मागे एकही बटण नाही आणि चिकटवलेल्या पट्टीवर ‘३ ओहम’ एवढेच वाचता येते. गावातले एक साउंडवाले भाऊ सांगतात की वायर कापून तिला आरसीए पिन लावावी, तर दुसरे म्हणतात की पुढच्या डाव्या स्पीकरच्या टर्मिनललाच ही वायर जोडून द्यावी. वडील रोज संध्याकाळी भजने ऐकतात आणि पखवाजाचा धूम लहान स्पीकरमधून येतच नाही, ही त्यांची खंत आहे. यातले काय बरोबर, आणि या जुन्या वस्तूवर खर्च करण्यात अर्थ आहे का, हे कृपया सांगावे.

वर्धेचा श्रोता:
भाऊ, दोन्हीपैकी एकही उपाय करू नका. विजेची पिन नाही याचा अर्थ तुमचा सबवूफर ‘पॅसिव्ह’ आहे. म्हणजे डब्यात फक्त स्पीकर असून त्याला चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडलेल्या प्लेअरमध्ये होता. प्री-आउटमधून येणारा सिग्नल एखाद-दोन व्होल्टचा असतो आणि त्यामागे करंट जवळजवळ नसतो, कारण तो दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने उचलून मोठा करावा यासाठीच दिलेला असतो. वायरीला आरसीए पिन लावली तर स्पीकरच्या कोनाला (पुढच्या पडद्याला) कान लावूनही जेमतेम काही ऐकू येईल.

दुसरा उपाय त्याहून वाईट आहे. पुढचा स्पीकर ६ ओहमचा धरला आणि त्याला हा ३ ओहमचा सबवूफर समांतर जोडला, तर रिसीव्हरवर २ ओहमचा भार येतो. ओहम जितके कमी, तितका ताण जास्त, आणि घरगुती रिसीव्हर सहसा ६ ओहमच्या, फार तर ४ ओहमच्या भारासाठी बनवलेले असतात. आवाज वाढवताच तो ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडेल. नाही पडला तर आउटपुटचे भाग तापून जळण्याचा धोका राहील. शिवाय तिथे फक्त खर्ज पुढे जाऊ देणारी गाळणी (फिल्टर) नसल्यामुळे भजनीबुवांचा आवाजही सबवूफरमधून घुमत येईल.

योग्य मार्ग एकच, तो म्हणजे मध्ये स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बसवणे. टीपीए ३११६ चिपवरचा क्लास-डी मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणि त्याला २१ ते २४ व्होल्टचा चांगल्या करंटचा पॉवर सप्लाय पुरेसा आहे. बोर्ड मोनो जोडणीचाच घ्यावा, कारण त्या जोडणीत ही चिप २ ओहमपर्यंतचा भार पेलते. स्टिरिओ बोर्डाचे एक चॅनेल मात्र ४ ओहमसाठी असते. प्री-आउटपासून बोर्डापर्यंत शील्ड असलेली आरसीए केबल, आणि बोर्डापासून सबवूफरपर्यंत जाड स्पीकर वायर वापरावी. नागपूरला जाणे झाल्यास सीताबर्डीच्या बाजारात चौकशी करावी.

आता रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सबवूफर ‘यस’ आणि बाकीचे स्पीकर ‘स्मॉल’ करावेत. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, साधारणपणे ८० हर्ट्झवर ठेवतात. पण स्पीकर मुठीएवढे असतील तर १२० किंवा १५० हर्ट्झ ठेवावा लागतो, नाहीतर मधला भाग कुणीच वाजवत नाही आणि पखवाज पोकळ वाटतो. बोर्डावर गाळणीचे बटण असल्यास ते पूर्ण वर फिरवून ठेवावे, कारण गाळण्याचे काम रिसीव्हर आधीच करतो. जुन्या संचातले लहान स्पीकरही नव्या रिसीव्हरला लावले असतील, तर त्यांच्या मागची पट्टी आजच वाचा. तेही बऱ्याचदा ३ ओहमचे असतात.

पुसदचा दुरुस्तीवाला:
वर्धेच्या भाऊंचे म्हणणे योग्य आहे, परंतु बोर्ड मागवण्यापूर्वी स्पीकर जिवंत आहे का, ते पाहून घ्यावे. वायरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावल्यास ३ ओहमच्या कॉइलवर अडीचच्या आसपास आकडा दिसायला हवा. काहीच दिसले नाही तर कॉइल तुटली आहे असे समजावे. त्यानंतर कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल चुंबकाला घासत आहे. कोनाभोवतीची कड फोमची असेल तर विशेष लक्ष द्या, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाखाली ठेवलेल्या डब्यांचा फोम काही वर्षांतच भुरभुरीत होतो आणि बोट लावताच त्याचे तुकडे हातात येतात. कड वेगळी मिळते व बदलता येते. त्यासाठी स्पीकर फेकू नये. डब्याच्या हवेच्या छिद्रातून टॉर्च मारून आतही बघावे, कारण तिथे उंदीर घर करतात आणि आतली वायर कुरतडून ठेवतात.

जोडणी झाल्यावर सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज आला, तर आधी डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या वेढ्याचा (ग्राउंड लूपचा) आहे, सबवूफरचा नाही. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत राहावे. काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंग कमजोर होते. विजांचा कडकडाट सुरू झाला की सगळ्या पिना आणि डिशची केबल काढून ठेवावी.

घाटंजीकर:
दोघांचेही मनापासून आभार. मल्टीमीटरवर २.६ ओहम आले, कोन मोकळा हलतो आणि कड रबराची निघाली. लहान स्पीकरही ३ ओहमचेच आहेत, त्यामुळे ते काढून ठेवले असून ६ ओहमची जोडी बघतो आहे. बोर्ड मागवतो. सबवूफर कुठे ठेवावा, एवढे शेवटचे विचारतो. आमची बैठकीची खोली लहान आहे आणि वर टिनाचे छप्पर आहे.

वर्धेचा श्रोता:
वडील जिथे बसतात तिथे सबवूफर ठेवून पखवाजाचे एखादे भजन लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने कानाची उंची जमिनीजवळ ठेवून फिरा. जिथे धूम भरदार आणि स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात खर्ज वाढतो, पण टिनही थरथरते. म्हणून कोपऱ्यापासून थोडे सरकवून बघावे. बोर्डाचे व्हॉल्यूम पाव भागावर आणि रिसीव्हरमधील सबवूफरची पातळी शून्यावर ठेवून सुरुवात करा. धूम अंगावर येण्याऐवजी दबलेला वाटला, तर सबवूफरच्या दोन वायरी बोर्ड बंद करून उलटसुलट करून पाहा आणि ज्या जोडणीत तो जास्त भरतो, तीच कायम ठेवा.