वाघूरच्या वाऱ्यात एरो
भाऊ, तुम्ही विचारलंत, एकट्यानं चालवायची एरो ही शिडाची होडी जुन्या लेझर होडीपेक्षा खरंच चपळ आहे का. आहेच! फरक वजनाचा. लेझरची नुसती होडी सुमारे ५९ किलो, २०१४ साली आलेल्या एरोची जेमतेम ३०. वाघूर धरणावर सकाळी पाणी निपचित असतं; बारीक झुळुकीलाही एरो सरकते, लेझरला वेग धरायला वेळ लागतो. दुपारी मात्र वाऱ्याचे झोत आडवेतिडवे. झोताआधी पाणी काळपट, सुरकुतलेलं दिसतं. दिसलं की शिडाची दोरी वीतभर सोडा, बाहेर झुका, मग ओढा. पण होडी हलकी, त्यामुळे झोत ओसरला की वेगही लगेच पडतो. तुम्ही अंगानं बारीक असाल तर एरोचं ९ नंबरचं, म्हणजे मोठ्या आकाराचं शीड नकोच. ७ नंबरचं घ्या, तेही ७.४ चौरस मीटर भरतं.