ओला कचरा कुठे जिरवायचा? (रविवारच्या सभेआधी ग्रुपवर झालेली चर्चा)

सेक्रेटरी: नमस्कार. खताचं मशीन आठ महिने बंद आहे. ते दुरुस्त करायचं की ओला कचराही बाहेर द्यायचा, यावर रविवारी ठराव आहे. मतं इथेच मांडा.

ए-604: बाहेर द्या. मिळकतकर भरतो, मग कचरा उचलणं महापालिकेचं काम नाही का? मशीन चालू होतं तेव्हा वासाने माझ्या सासूबाईंना जेवण जात नव्हतं.

बी-102: ताई, वासाचा त्रास खरा आहे, मीही भोगलाय. पण नियमानुसार मोठ्या सोसायटीने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असतो, आणि आपण त्यात बसतो. मी दुसऱ्या शहरात घनकचरा विभागात नोकरी केली. आमच्या टेबलावर दोनच गोष्टी यायच्या, टन किती आणि खेपा किती. डेपोशेजारच्या विहिरीचं पाणी कसं झालंय, हे टेबलावर कधी आलं नाही. पुण्याचा कचरा डेपो जिथे आहे त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या का अडवल्या, ते इथे राहायला आल्यावर नीट कळलं.

ए-604: काका, पटतंय. पण सगळं आपणच करायचं? फरसाणाच्या पाकिटांचं काय? ती बनवणाऱ्यांना कोण विचारणार?

सी-503: मी पॅकेजिंगमध्येच आहे, म्हणून सांगतो. पाकिटात प्लास्टिक आणि चकचकीत थर एकमेकांना चिकटवलेले असतात. हवा आणि ओल आत जात नाही, माल महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतो. पण ते थर पुन्हा वेगळे करणं फार अवघड, त्यामुळे गोळा होतं त्यातलं बरंचसं सिमेंटच्या भट्टीत जळतं. ईपीआर म्हणजे उत्पादकाच्या जबाबदारीचा नियम. त्याने कंपनीला जेवढं प्लास्टिक बाजारात टाकलं, त्यातल्या ठरलेल्या वाट्यावर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं दाखवावी लागतात. हिशेब जुळतो. पण आपल्या गेटवरचं पाकीट त्या हिशेबात असतंच असं नाही. मला हे खटकतं आणि ऑफिसात मी ते बोलतोही.

डी-201: मी आज आपल्याकडे येणाऱ्या 'स्वच्छ'च्या, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना विचारलं. बाटली, पुठ्ठा, दूधपिशवी भंगारात जाते, त्यावर त्यांचं घर चालतं. चिप्सच्या पाकिटाला कोणी पैसा देत नाही. आणि खरकटं लागलेला पुठ्ठाही वाया जातो. डायपर उघडे येतात, ते त्यांना हाताने बाजूला काढावे लागतात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच त्या कधीपासून सांगताहेत. आपल्या विंगमध्ये पाच-सहा घरंच करतात. मला आज त्यांच्याकडे बघवेना.

बी-704: मशीनवर पुन्हा पैसे घालू नका. ते कचरा तापवून वाळवत होतं, त्याचं खत होत नव्हतं. म्हणून कुंडीत घालून पाणी दिलं की परत वास सुटायचा. मी दोन वर्षं गच्चीत खत करतेय. वास येतो तो ओल जास्त आणि हवा कमी झाली की. ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला पसरायचा, आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. नारळाच्या करवंट्या आणि हाडं वेगळी. आणि बघा, सुका पाला आपल्याकडे ढिगाने आहे, तो आपण पोत्यांत भरून बाहेर पाठवतो! जाळीच्या विटांचे तीन हौद बांधू. एक भरतोय, एक मुरतोय, एक रिकामा. गच्चीवर सोलर आहेच. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांतलं एक चालू असेल तर मिळकतकरात 5 टक्के सवलत मिळते, दोन असतील तर 10 टक्के.

सेक्रेटरी: हौद कुठे बांधायचे? पार्किंगमागे?

ए-604: तिथे नको, माझ्या खिडकीखाली येतं. बागेच्या पंपाजवळ चालेल का? आणि रोज खालीवर कोण करणार, हे आधी लिहून द्या.

बी-704: रोज नाही, आठवड्यातून एकदा. पहिले तीन महिने मी करीन, माळीदादांना शिकवीन. त्यांचे जादा पैसे ठरावात लिहा.

डी-201: आणि लाल ठिपक्याचं मी घरोघरी जाऊन सांगते.

बी-704: ए-604 ताई, रविवारी सभेआधी अर्धा तास पंपाजवळ या ना. वारा कुठून येतो ते बघू आणि जागा तुम्हीच दाखवा.