मीठ वरूनच नाही, बिबड्यांतूनही जातं

ताई, वडिलांनी वरून मीठ घेणं सोडलं तरी बीपी उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या अमळनेरच्या घरीही अगदी हेच चाललं होतं. मग मी आईच्या डब्यांकडे बघितलं. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्यांचं, म्हणजे वाळवून ठेवायच्या खानदेशी पापडांचं, पीठ शिजवताना आई पातेल्यात मुठीनं मीठ टाकते. वर पापड, लोणचं, कळण्याच्या भाकरीवर ठेचा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा (चहाचा) चमचा मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते इथंच संपतं! यंदा आईनं बिबड्यांत मीठ निम्मं केलं, तीळ-जिरं वाढवलं. भाजल्यावर फरक कळतही नाही.

दुसरं, चीनच्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. नेहमीच्या मिठात पाव भाग पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं वापरणाऱ्यांत, साधं मीठ खाणाऱ्यांपेक्षा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळला. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर हे मीठ धोक्याचं ठरतं. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, आणि चालू गोळी तर अजिबात बंद करू नका.