सतत प्रवास घडेल असे अभियांत्रिकीतील काम कोणते?

प्रश्न: माझे यांत्रिकी अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष सुरू आहे. एका जागी बसून आराखडे काढण्यापेक्षा ठिकठिकाणी जाऊन काम करण्याची मनापासून इच्छा आहे. कोणत्या क्षेत्राकडे वळावे?

प्रतिसाद १: कमिशनिंगचा, म्हणजे नव्याने बसवलेली यंत्रे तपासून प्रथमच सुरू करण्याच्या कामाचा, विचार अवश्य करावा. टर्बाइन कारखान्यात तयार होते. परंतु जोडलेल्या शाफ्टचे (फिरत्या दांड्यांचे) अलाइनमेंट, म्हणजे ते एका रेषेत आहेत का हे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासून, कंपने मोजत ते हळूहळू पूर्ण वेगाला नेण्याचे काम प्रकल्पस्थळीच करावे लागते, त्यामुळे मुक्काम कित्येकदा महिनोन्महिने लांबतो. शिकायला मिळते ते मात्र अमाप.

प्रतिसाद २: समुद्रातून तेल काढणाऱ्या फलाटांवर (ऑइल प्लॅटफॉर्म) काही आठवडे सलग काम आणि नंतर सलग सुट्टी अशी पद्धत असते. तेथे बहुतेकदा हेलिकॉप्टरने जावे लागत असल्याने, कामावर जाण्यापूर्वी पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण बहुधा बंधनकारक असते.

प्रतिसाद ३: यंत्र बंद पडले की तातडीने निघावे लागते, हे सेवा अभियंत्याने (ग्राहकाकडे जाऊन यंत्रे दुरुस्त करणाऱ्याने) गृहीतच धरावे. मुलाखतीतच प्रवासाचे प्रमाण स्पष्ट विचारून घ्यावे.