मदत हवी आहे: राजधानीत संचारबंदी, पासपोर्ट सरकारी कार्यालयात अडकलाय

नोकरीनिमित्त परदेशात राजधानीत राहतो. आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी, घर सहाव्या मजल्यावर, संसदेजवळ. काल रात्रीपासून संचारबंदी आहे, नेट येतं-जातं. वीज प्रीपेड मीटरवर. माझा पासपोर्ट निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी इमिग्रेशनमध्ये आहे. विमानं अजून सुरू आहेत. आधी काय करू?

प्रतिसाद १
आधी पासपोर्ट, किराणा नंतर. संचारबंदी शिथिल झाली की पहिल्याच तासात पावती घेऊन जा, अर्ज मागे घ्या. परवान्याची मुदत उलटल्याचा दंड नंतर भरता येतो, पण कुलूप लागलेल्या कार्यालयातून पासपोर्ट निघत नाही. 2023 मध्ये सुदानची राजधानी खार्तूममध्ये लढाई पेटली तेव्हा व्हिसासाठी दिलेले कित्येकांचे पासपोर्ट परदेशी दूतावासांत अडकले, काही तर नष्टच केले गेले.

नाहीच मिळाला, तर आपल्या दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते एकदा भारतात परतण्यापुरतंच असतं. त्यावर देशाबाहेर पडायला तिथल्या इमिग्रेशनची परवानगी लागू शकते, आणि मधल्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथेही अडवतात. त्यामुळे थेट विमानच बघा. तिघांची नोंदणी दूतावासात आजच करा.

प्रतिसाद २
मीटर आत्ता, नेट आहे तोवर भरा, महिनाभर पुरेल इतका. ढाक्यात जुलै 2024 मध्ये नेट बंद झालं, मोबाइलवरून रिचार्ज होईना आणि वीज कार्यालयांपुढे रांगा लागल्या. पैसे भरल्यावर टोकनचा नंबर आला की लगेच मीटरमध्ये टाका, नुसता मेसेजमध्ये ठेवू नका.

वीज गेली की पंप बंद, म्हणजे सहाव्या मजल्यावर नळ कोरडा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज 4 लिटर धरा. तिघांचं चौदा दिवसांचं 168 लिटर होतं, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार. बादल्या, टब वापरायच्या पाण्यानं भरा. रोकड लहान नोटांत ठेवा. नेट गेलं की कार्ड चालत नाही आणि मोठ्या नोटेला सुटे मिळत नाहीत.

धागाकर्ता
धन्यवाद. अश्रुधुराचा वास घरात येतोय, मुलीचं काय करू?

प्रतिसाद २
खिडक्या बंद, फटींत ओला टॉवेल, बाहेरची हवा आत ओढणारा एसी किंवा पंखा बंद. रस्त्याकडची खोली सोडून आतल्या खोलीत बसा. डोळे चुरचुरले तर चोळू देऊ नका, दहा-पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार धरा. तेल, टूथपेस्ट काही लावू नका, कण त्यालाच चिकटून राहतात. टीशर्ट डोक्यावरून काढू नका, कापून काढा आणि पिशवीत बांधून टाका. श्वासात घरघर आली तर घरी थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

प्रतिसाद ३
साठा करा, पण माझं मत वेगळं आहे. ज्यांचे पासपोर्ट हातात आहेत त्या दोघींनी, म्हणजे पत्नी आणि मुलीनं, नेहमीची विमानं उडताहेत तोवर निघावं. खार्तूममध्ये 15 एप्रिललाच लढाई विमानतळापर्यंत पोचली. मग भारतीयांना शेकडो किलोमीटर रस्त्यानं पोर्ट सुदान गाठून जेद्दामार्गे यावं लागलं.

मूल एकाच पालकासोबत असेल तर काही देश दुसऱ्याचं संमतिपत्र मागतात. ते सही करून, मुलीच्या जन्मदाखल्यासह हातातल्या पिशवीत ठेवा. तिकीट कागदावर छापून घ्या: नाक्यावर संचारबंदीतून सोडतात ते बहुधा तेच बघून, आणि तिथे मोबाइल उघडून दाखवायची वेळ येऊ नये. मोर्चाचे फोटो आधीच काढून टाका. उजेड असताना निघा, विमान रात्रीचं असलं तरी.